वाळूजच्या यंत्रांशी बोलायचंय? मग ड्रायव्हर लिहा!

बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना अवघ्या सोळा महिन्यांत उभा राहिला. १९८५ मध्ये राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं आणि शेजारी कामगारांची वस्ती वाढत गेली, ती बजाजनगर. मोहटादेवी चौकात उभं राहून विचारा, घरटी एक तरी माणूस फर्स्ट, सेकंड नाहीतर नाईट शिफ्ट करणारा निघेल. सीएनसी, व्हीएमसी, पीएलसी हे शब्द इथल्या पोरांना कुणी शिकवावे लागत नाहीत. म्हणूनच माझं ठाम म्हणणं आहे की कॉम्प्युटरकडे वळणाऱ्या इथल्या मुलामुलींनी वेबसाइट आणि अ‍ॅपच्या गर्दीत शिरण्याआधी डिव्हाइस ड्रायव्हरकडे एकदा नीट बघावं. ऑपरेटिंग सिस्टीम आणि यंत्र यांच्या मधोमध बसणारा हा प्रोग्रॅम. बॅटरीचं तापमान, मोटरचा वेग, प्रिंटरमधला संपलेला कागद, सगळं त्याच्यामार्फतच कॉम्प्युटरला कळतं. हे काम यंत्राला न घाबरणाऱ्यांचं आहे, आणि बजाजनगरात यंत्राला घाबरतंय कोण?

क दाबला, ३७ मिळाले

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी पहिली गंमत. इनस्क्रिप्ट मांडणीत ‘क’ हे अक्षर इंग्रजी ‘के’च्याच कळीवर आहे. ती कळ दाबली की लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या कीबोर्ड ड्रायव्हरकडून वर जातो फक्त एक आकडा, ३७. त्याचा ‘क’ करायचा, ‘के’ करायचा की आणखी काही, हे वरच्या थरातले प्रोग्रॅम ठरवतात. ड्रायव्हरला मराठी येत नाही आणि इंग्रजीही येत नाही. कळ खाली गेली, कळ वर आली, एवढं सांगून तो मोकळा होतो. उत्तम ड्रायव्हरची खूण हीच. आपलं काम चोख करायचं, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही.

देवनागरी कॉम्प्युटरवर आणण्यातही हार्डवेअरचा मोठा वाटा होता. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे यांच्या पुढाकाराने घडलेलं ‘जिस्ट’ तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. पेटीच्या आत जिस्ट कार्ड बसवलं की डॉसवरचे नेहमीचे प्रोग्रॅम देवनागरी दाखवू लागत, आणि त्या प्रोग्रॅमना आपण मराठी लिहितोय याचा पत्ताही नसे!

प्रिंटरचा कोड मिळेना, म्हणून चळवळ

१९८० च्या सुमाराला अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. तो वारंवार अडकायचा. तिथले रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय करून ठेवली होती की कागद अडकला की ताटकळणाऱ्यांना निरोप जाई. नव्या प्रिंटरसाठीही तेच करायचं, तर त्याचा सोर्स कोड कुणी देईना. ही अडवणूक त्यांच्या मनाला इतकी लागली की १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. आज ड्रायव्हर शिकायला लाखो ओळींचा कोड फुकट वाचायला मिळतो, त्याचं मूळ त्या प्रिंटरपाशी आहे.

प्रिंटरचा विषय निघालाच आहे तर हेही ऐका. लिनक्सच्या जुन्या प्रिंटर ड्रायव्हरमध्ये एक संदेश आहे, ‘एलपी-झिरो ऑन फायर’. म्हणजे प्रिंटरला आग लागली आहे! प्रिंटर काहीतरी बिघाड सांगतोय, पण कागद संपला किंवा तो बंद आहे अशी ओळखीची खूण नाही, अशा वेळी हा संदेश येतो. तुमचा प्रिंटर बहुधा थंडगारच असतो.

निम्म्याहून जास्त कर्नल ड्रायव्हरांचा

१९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सची पहिली वर्दी दिली, तेव्हा आपल्याकडे आहे त्याच प्रकारची हार्डडिस्क हे चालवेल, बाकी काही बहुधा कधीच चालणार नाही, असं त्यांनी लिहून टाकलं होतं. २०२५ च्या सुरुवातीला त्याच लिनक्सच्या कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने, चार कोटी ओळींचा टप्पा गाठला, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त ओळी ड्रायव्हरांच्या आहेत. सगळ्यात जाडजूड ड्रायव्हर एएमडीच्या ग्राफिक्स कार्डांचा. त्याच्या एकट्याच्या ओळी काही दशलक्ष भरतात. त्यातला मोठा भाग माणसांनी हाताने लिहिलेला नाही, चिपमधल्या रजिस्टरांच्या याद्या यंत्रानेच छापून काढल्या आहेत.

नवशिक्याने यातून काय घ्यायचं? कर्नलचा गाभा राखणारी माणसं मोजकी असतात. ड्रायव्हरचं तसं नाही. रोज नवी चिप निघते, रोज नवा सेन्सर येतो आणि प्रत्येकाला ड्रायव्हर लागतो. कुठला भाग कोण सांभाळतं याची ‘मेंटेनर्स’ नावाची जाहीर यादी कर्नलसोबतच येते. त्यात एनव्हिडियाच्या टेग्रा क्लॉक ड्रायव्हरपुढे प्रशांत गायकवाड आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या कीस्टोन चिपपुढे संतोष शिळीमकर ही नावं वाचली की आपल्याकडच्या वाचकाला बरं वाटल्याशिवाय राहत नाही.

एक चूक आणि पंचाऐंशी लाख कॉम्प्युटर

१९ जुलै २०२४ आठवतोय? विमानतळांवर पडदे निळे झाले आणि भारतात प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं सॉफ्टवेअर विंडोजमध्ये ड्रायव्हर म्हणून, अगदी गाभ्यात चालतं. त्याला पाठवलेल्या नव्या माहितीत २१ रकाने धरलेले होते, कोडने मात्र २० च पुरवले. एकविसावा रकाना वाचायला गेलेला प्रोग्रॅम भलत्याच जागेत शिरला, आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर कोलमडले.

ड्रायव्हरच्या चुकीचा तडाखा एवढा मोठा का बसतो? साधा प्रोग्रॅम कोसळला तर तो एकटाच मरतो, कारण ऑपरेटिंग सिस्टीमने त्याच्याभोवती कुंपण घातलेलं असतं. ड्रायव्हर कुंपणाच्या आतला. तो कुठल्याही मेमरीला हात लावू शकतो. २००३ च्या एका गाजलेल्या शोधनिबंधात विंडोज एक्सपीच्या नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरांमुळे झाल्याचं नमूद आहे. त्याच्या दोन वर्षं आधी लिनक्सचा कोड तपासणाऱ्यांना असं दिसलं होतं की ड्रायव्हरमध्ये चुकांचं प्रमाण उरलेल्या कर्नलच्या तीन ते सातपट असू शकतं. आणि खुद्द बिल गेट्स यांची फजिती? एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात विंडोज ९८ दाखवताना सहकाऱ्याने स्कॅनर जोडला आणि भरसभेत निळा पडदा!

म्हणून पहिला नियम: घरातल्या एकुलत्या एक लॅपटॉपवर पहिला ड्रायव्हर चालवू नका. व्हर्च्युअल मशीन घ्या. ते कोसळलं तर पुन्हा सुरू करायला अर्धं मिनिटही लागत नाही, आणि ते कोसळणारच.

हार्डवेअर हाताशी नाही? तरी सुरुवात होते

ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००३ मध्ये क्यूएमू हा प्रोग्रॅम आणला. तो कॉम्प्युटरच्या आत दुसरा, खोटा कॉम्प्युटर उभा करतो. त्यात ‘एज्यु’ नावाचं एक पीसीआय कार्ड आहे. हे कार्ड बाजारात कुठेच मिळणार नाही, कारण ते विद्यार्थ्यांना ड्रायव्हर शिकवायलाच, चेक प्रजासत्ताकातल्या मासारिक विद्यापीठाच्या वर्गासाठी बनवलं गेलं. त्याच्या एका रजिस्टरमध्ये आकडा टाकला की सगळे बिट उलटे होऊन परत येतात. दुसऱ्यात ५ टाकला की ते १२० काढून देतं, म्हणजे फॅक्टोरियल. हवं तर काम झाल्यावर इंटरप्टही देतं, म्हणजे प्रोसेसरला हाक मारतं, आणि डीएमएही करून दाखवतं, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीतली माहिती हलवतं. खऱ्या कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये जे जे करावं लागतं, त्याचा सांगाडा इथे एक रुपयाही न घालता हातून घडतो.

दुसरी सोय तर वाळूजच्या मुलांसाठीच केली असावी अशी आहे. गाडीतले इलेक्ट्रॉनिक भाग एकमेकांशी बोलतात ते बहुतेक वेळा कॅन बसवर. बॉश कंपनीने १९८६ मध्ये ही पद्धत जगापुढे आणली. दोनच तारा, आणि त्यांवर कुणालाही पत्ता नाही. जो तो आपला संदेश ओळख-क्रमांकासह सोडून देतो, ज्याला हवा तो उचलतो. दोघं एकदम बोलायला लागले तर लहान क्रमांकाचा संदेश पुढे जातो आणि दुसरा आपणहून थांबतो. पुढे जाणाऱ्या संदेशाचा एकही बिट वाया जात नाही. तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. म्हणून बंद गाडीवर मल्टिमीटर लावला की ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एका टोकाचा रोध निसटलाय किंवा तार तुटलीय. हे तपासता येणारा माणूस ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या टोळीत सोन्याच्या मोलाचा, कारण अर्ध्या वेळा चूक कोडमध्ये नसतेच.

लिनक्समध्ये कॅनसाठी सॉकेटकॅन आहे. त्याची मूळ देणगी फोक्सवॅगनची, आणि २००८ मध्ये तो मुख्य कर्नलमध्ये आला. त्यातच ‘व्हीकॅन’ हा आभासी कॅन मिळतो. दोन-तीन आज्ञा दिल्या की तार नाही, गाडी नाही, तरी तुमच्या लॅपटॉपवर कॅन बस सुरू! एका खिडकीतून संदेश सोडा, दुसरीत पकडा.

आणि हे सगळं घराच्या दारात का कामाचं? एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचे नियम आले आणि साध्या दुचाकीतही इलेक्ट्रॉनिक्सचं राज्य वाढलं. त्याआधी वर्षभर १२५ सीसीवरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं होतं. वाळूजच्या एन्ड्युरन्सने २०२२ मध्ये मॅक्सवेल एनर्जी ही कंपनी घेतली. तिचं काम बॅटरीवर नजर ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बनवण्याचं. शेजारचीच व्हॅरॉक इलेक्ट्रिक दुचाकींच्या मोटरी आणि कंट्रोलर बनवते. (एन्ड्युरन्सचे अनुरंग जैन आणि व्हॅरॉकचे तरंग जैन हे जुळे भाऊ, राहुल बजाज यांचे भाचे!) ऑरिक या औद्योगिक नगरीच्या बिडकीन भागात एथरच्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या कारखान्याची घोषणा २०२४ मध्ये झाली. या सगळ्यांच्या पोटात चिप आहे आणि प्रत्येक चिपच्या बुडाशी ड्रायव्हर.

कर्नलमधले कडक आणि मजेशीर नियम

सी भाषेत पहिल्याच दिवशी शिकलेलं ‘प्रिंटएफ’ कर्नलमध्ये नाही, तिथे ‘प्रिंट-के’ वापरायचं. दशांश अपूर्णांकांची गणितं जवळजवळ निषिद्ध. ६४ बिटांच्या नेहमीच्या पीसीवर स्टॅक १६ किलोबाइटचा, म्हणजे मोठा अ‍ॅरे बेफिकीरपणे मांडला की संपलंच. इंटरप्ट हाताळणाऱ्या कोडला झोपायची परवानगी नाही. शॉपफ्लोअरवर लाइन चालू असताना ऑपरेटरला जशी डुलकी काढता येत नाही, तसंच. जेवढं तातडीचं तेवढं उरकायचं आणि बाकीचं मागच्या कामावर ढकलायचं. मुलाखतीत स्पिनलॉक (जागं राहून वाट बघणारं कुलूप) आणि म्युटेक्स (झोपून वाट बघणारं) यांतला फरक हमखास विचारतात, तो याच नियमातून उगवतो.

माझी सर्वांत आवडती गोष्ट ‘जिफी’ची. कर्नल वेळ मोजायला दर जिफीगणिक एक आकडा सतत वाढवत नेतो. ३२ बिटांचा आकडा सेकंदाला हजार वेळा वाढला तर ४९.७ दिवसांनी भरतो आणि पुन्हा शून्यावर येतो. विंडोज ९५ नेमकं असंच ४९.७ दिवसांनी गोठायचं. आता ४९ दिवसांनी उगवणारी चूक सापडणार कशी? लिनक्सवाल्यांनी शक्कल लढवली. त्यांनी मोजणी शून्यापासून न करता उणे ३०० सेकंदांपासून सुरू केली. त्यामुळे मशीन चालू केल्यावर पाचच मिनिटांत तो आकडा उलटतो आणि चुकीचा ड्रायव्हर चाचणीतच उघडा पडतो. चूक लपू नये म्हणून तिला लवकर बोलावून घ्यायचं, किती सुंदर कल्पना!

मशीन रीस्टार्ट करण्याच्या आज्ञेतही एक गुपित आहे. चुकून रीस्टार्ट होऊ नये म्हणून ती दोन जादुई आकडे मागते. पहिला हेक्साडेसिमलमध्ये लिहिला की ‘फील डेड’ असा वाचता येतो. दुसऱ्यासाठी चार पर्याय चालतात. त्यातला एक हेक्साडेसिमलमध्ये २८१२१९६९, म्हणजे २८ डिसेंबर १९६९, टोरवाल्ड्स यांची जन्मतारीख. उरलेल्या तीन तारखा त्यांच्या तीन मुलींच्या.

सोनेरी कागदात गुंडाळलेला कोड

कारखान्यातल्या यंत्राला सरासरी वेग पुरत नाही. ठरलेल्या क्षणी उत्तर मिळालंच पाहिजे, नाहीतर हत्यार जॉबमध्ये घुसतं. लिनक्सला ही शिस्त लावणारा ‘प्रीएम्प्ट आरटी’ हा कोड सुमारे वीस वर्षं मुख्य कर्नलच्या बाहेर थांबला होता. शेवटचा अडसर कसला होता, तर वर सांगितलेल्या त्याच साध्यासुध्या प्रिंट-केचा! संदेश छापता छापताच वेळ चुकायची. तो प्रश्न सुटला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नात थॉमस ग्लायक्सनर यांनी हा कोड स्वीकारण्याची विनंती कागदावर छापून, सोनेरी वेष्टनात बांधून टोरवाल्ड्स यांच्या हाती ठेवली. नोव्हेंबरमध्ये आलेल्या ६.१२ आवृत्तीत तो दाखल झाला. सीएनसी चालवण्यासाठीचं लिनक्ससीएनसी हे मुक्त सॉफ्टवेअर अशाच कर्नलवर चालतं. वडील व्हीएमसीवर असतील तर त्यांना दाखवा, जी-कोड ते तुमच्यापेक्षा पटकन वाचतील.

नकली चिपला शिक्षा

जुन्या मशीनला प्रोग्रॅम पाठवायला यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर लागतो, तो वाळूजच्या कुठल्याही मेंटेनन्सवाल्याच्या खणात सापडेल. त्यातल्या एफटीडीआय कंपनीच्या चिपच्या नकला बाजारात सुळसुळल्या होत्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून कंपनीचा नवा ड्रायव्हर आला आणि तो नकली चिप ओळखून तिचा उत्पादन क्रमांकच शून्य करू लागला. कन्व्हर्टर जागच्या जागी मेला. ज्याने स्वस्तात विकत घेतला त्याला नकली-असली काय कळणार? जगभर ओरड झाली आणि कंपनीला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. ड्रायव्हरच्या हातात किती ताकद असते आणि ती ग्राहकावर उगारायची नसते, हे माझ्या मते प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवायला हवं.

यूएसबीचं नाव निघालं म्हणून, ती घडवणाऱ्या इंटेलच्या चमूतले अजय भट्ट बडोद्याचे. २००९ मध्ये इंटेलने त्यांना रॉकस्टार ठरवणारी जाहिरात केली. तिच्यात भट्टांचं काम करणाऱ्या नटाचं नाव सुनील नारकर!

शिकायचं कुठे, सुरू कसं करायचं

आधी सी भाषा, आणि ती पॉइंटर व बिटांसकट. ‘लेट अस सी’ लिहिणारे यशवंत कानेटकर नागपूरचे. त्यांनी विंडोज ड्रायव्हरांवरही पुस्तक लिहिलं आहे. लिनक्ससाठी रुबिनी, कॉर्बेट आणि क्रोआ-हार्टमन यांचं ‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’, तिसरी आवृत्ती २००५ ची, फुकट वाचायला मिळते. त्यातला कोड आजच्या कर्नलवर जसाच्या तसा चालत नाही. तरी वाचाच, आणि तो आजच्या आवृत्तीवर चालवून दाखवा. इतका चांगला गृहपाठ दुसरा नाही.

छत्रपती संभाजीनगर शहरातच, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आवारात नायलिट आहे. पूर्वी ती सीईडीटीआय म्हणून ओळखली जायची. इलेक्ट्रॉनिक्स डिझाइन आणि एम्बेडेड शिकवणारी ही सरकारी संस्था बजाजनगरहून रोज जाऊन-येऊन करता येते. पुण्याला जायची तयारी असेल तर सी-डॅकचा एम्बेडेड सिस्टीम्सचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. सी-कॅट परीक्षा देऊन प्रवेश मिळतो आणि त्यात ड्रायव्हर हा स्वतंत्र विषय असतो. पुढे नोकऱ्याही पुण्यात जास्त. एनव्हिडियाचं केंद्र तिथे आहे. १९९० मध्ये रवी पंडित आणि किशोर पाटील यांनी सुरू केलेली केपीआयटी गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये मुरलेली आहे. गाड्यांच्या जगात ड्रायव्हरांच्या थराला ‘एमकॅल’ म्हणतात. नोकरीच्या जाहिरातीत हा शब्द दिसला की समजायचं, हे आपलंच काम.

विंडोजवर जायचं असेल तर एक व्यवहार ध्यानात ठेवा. आजच्या विंडोजवर तुमचा कर्नल ड्रायव्हर लोकांच्या मशीनवर चालायला मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही लागते. ती कंपनीमार्फतच मिळवणं सोयीचं. एकट्याने सुरुवात करणाऱ्याला लिनक्स सोपा पडतो.

लिनक्समध्ये नवख्यांसाठी एक दार मुद्दाम उघडं ठेवलेलं आहे. ‘स्टेजिंग’ नावाच्या विभागात २००८ पासून असे ड्रायव्हर ठेवतात, जे चालतात पण ज्यांचा कोड अजून नीटनेटका नाही. ज्याच्या-त्याच्या फोल्डरमध्ये उरलेल्या कामांची यादी असते. त्यातलं एक काम उचला, कोडच्या शैलीतल्या चुका दाखवणारा चेकपॅच चालवा, एका पॅचमध्ये, म्हणजे बदलांच्या फाइलमध्ये, एकच बदल करा, का केला ते दोन-चार वाक्यांत लिहा आणि साध्या मजकुराच्या ईमेलने पाठवा. खाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ लिहून त्यापुढे आपलं नाव घाला. हा कोड द्यायचा हक्क मला आहे, असा त्याचा अर्थ, आणि ही पद्धत २००४ पासून आहे. पहिला पॅच परत येतो, तेव्हा खचू नका. कधी रिकामी जागा चुकलेली असते, कधी विषयाची ओळ. दुरुस्त करून ‘व्ही-टू’ पाठवायचा, मग ‘व्ही-थ्री’. कर्नलची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि नवे बदल आत घ्यायची खिडकी सुरुवातीचे दोनच आठवडे उघडी असते. तेव्हा पॅच त्याआधीच मेंटेनरच्या हाती पोचलेला असावा.